पिल्लांसोबतचे पाणपक्षी आणि शिकारी पक्षी: फोटो काढणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बगळे, करकोचे, टिटव्या, शेकाटे असे पाण्याकाठी वावरणारे पक्षी आणि गरुड, ससाणे, घारी, घुबडं असे शिकारी पक्षी पिल्लांसोबत टिपायचे म्हटलं की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. लेन्स आणि सेटिंगचे प्रश्न थोडे खाली आहेत. आधी पक्ष्यांबद्दल बोलू, कारण किती जवळ जायचं, किती वेळ थांबायचं आणि कधी उठून निघायचं हे पिल्लांचे आईबापच ठरवतात.

घरट्यावरचे फोटो काढावेत का?

शक्यतो टाळावेत. घरटं बांधणं चालू असताना, अंडी घालण्याच्या दिवसांत आणि उबवणीच्या सुरुवातीला पक्षी त्या जागेला पुरता बांधलेला नसतो. संशय आला की अंड्यांसकट घरटं सोडून जातो. पिल्लं मोठी झाल्यावर पालक सहसा सोडून जात नाहीत, पण तेव्हा वेगळाच धोका असतो. नीट उडता न येणारी पिल्लं घाबरून बाहेर उडी टाकतात आणि जमिनीवर मांजर, कुत्रा किंवा मुंगसाच्या तावडीत सापडतात.

अपवाद आहेत. काही अभयारण्यांत बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीसमोर कायमची निरीक्षणगृहं असतात आणि पक्षी त्यांना सरावलेले असतात. रहदारीच्या पुलावर किंवा उंच इमारतीवर घरटं करणारा बहिरी ससाणा खालून जाणाऱ्या माणसांकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा ठिकाणी, सगळे उभे राहतात तिथेच उभं राहून फोटो घेण्यात काही वावगं नाही.

फोटोच्या दृष्टीने पाहिलं तरी घरटं ही फार मोलाची जागा नव्हे. पालक येतो, चोची उघडतात, पालक जातो. दिवसभर हेच. तेच कुटुंब घरट्याबाहेर पडलं की पिल्लं धावतात, पडतात, किड्यामागे उड्या मारतात, बापाच्या पोटाखाली घुसतात, एकमेकांशी भांडतात. चांगले फोटो बहुतेक वेळा तिथेच मिळतात.

पिल्लं घरट्याबाहेर कधी येतात?

पक्ष्यांचे इथे दोन सरळ गट पडतात. कोणता पक्षी कोणत्या गटात आहे हे कळल्याशिवाय कॅमेरा उचलू नये असं मला वाटतं.

टिटवी, शेकाट्या, चिखल्या, कमळपक्षी, पाणलावा, सारस यांची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तीच अंगभर लव आणि उघडे डोळे घेऊन. लव वाळली की काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ती चालू लागतात. टिटवी-शेकाट्याची पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतः टिपून खातात. पालकांचं काम म्हणजे राखण करणं, इशारे देणं आणि ऊब देणं. या पक्ष्यांच्या बाबतीत घरट्याजवळ जाण्याचं काही कारणच उरत नाही. दोन दिवस थांबलात तर सगळं कुटुंब उघड्यावर येतं.

बगळे, करकोचे, चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पाणपक्षी) आणि सगळे शिकारी पक्षी दुसऱ्या गटात. यांची पिल्लं कित्येक आठवडे घरट्यातच असतात आणि पूर्णपणे पालकांवर विसंबून असतात. बहिरी ससाण्याचं पिल्लू साधारण सहा आठवड्यांत उडतं. मासे पकडणाऱ्या ऑस्प्रेच्या पिल्लाला सात-आठ आठवडे लागतात. पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकन गरुडाचं पिल्लू दहा-बारा आठवडे घरट्यात काढतं. पण उडायला लागलं म्हणजे ते स्वतंत्र झालं असं नाही. पुढचे काही आठवडे ते आसपासच्या फांद्यांवर बसून घास मागत असतं. शिकारी पक्ष्यांचं कुटुंब टिपायला हाच काळ उत्तम. पिल्लाला पंखांचं बळ आलेलं असतं, पालकांचा धाक थोडा सैल झालेला असतो, आणि समोर घरट्याच्या काड्यांची भिंत नसते.

किती अंतर ठेवायचं?

एकच आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. नमुना म्हणून एक सांगता येईल. अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेने २००७ साली पांढऱ्या डोक्याच्या गरुडासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. घरटं दिसत असेल तर विणीच्या काळात पायी फिरणाऱ्यांनीही ३३० फूट, म्हणजे सुमारे १०० मीटर लांब राहावं असं त्यांत म्हटलं आहे. विमान-हेलिकॉप्टरसाठी ही मर्यादा १००० फूट आहे. हा गरुड माणसांना बऱ्यापैकी सरावलेला आहे. डोंगरकड्यावर घरटं करणाऱ्या, माणूस क्वचितच दिसणाऱ्या गरुडाला हे अंतरही पुरत नाही.

मोकळ्या माळावर किंवा चिखलात साधा नियम पाळता येतो. तुम्ही आल्यावर पालकाने हातातलं काम थांबवलं की ते अंतर कमी पडलं. तिथून मागे या. काम पुन्हा सुरू होईपर्यंत मागेच येत राहा आणि जिथे ते सुरू झालं तिथे बसा. तीच तुमची जागा. उरलेलं काम लेन्सने आणि क्रॉपने करायचं.

पक्षी अस्वस्थ झालाय हे कसं ओळखायचं?

टिटवी ओरडत डोक्यावर झेपावते तेव्हा कोणालाही कळतं. खरी अडचण न ओरडणाऱ्या पक्ष्यांची असते.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे चोचीत घास आहे आणि तो पिल्लापर्यंत जात नाही. पालक जवळच्या फांदीवर किंवा दगडावर बसून राहतो, मान वळवून तुमच्याकडे बघतो, उडतो, फिरून तिथेच येतो. असा पालक फ्रेममध्ये फार सुंदर दिसतो, म्हणून माणसं फोटो काढतच राहतात. पण तिकडे पिल्लू उपाशी आहे. पंजात मासा धरून घिरट्या घालणाऱ्या ऑस्प्रेबद्दलही हेच.

चिखल्या आणि शेकाटे जखमी झाल्याचं सोंग आणतात. एक पंख लोंबता ठेवून, शेपूट पसरून, फडफडत जमिनीवरून सरपटतात, जेणेकरून तुम्ही त्यांच्यामागे जाल आणि पिल्लांपासून दूर व्हाल. काही वेळा रिकाम्या जागेवरच अंडी उबवल्यासारखे बसतात. हे सोंग दिसलं की अंडी किंवा पिल्लं अगदी जवळ आहेत, कदाचित पुढच्याच पावलाखाली. फोटो न काढता, खाली बघत, आलात त्याच वाटेने परत फिरा.

बगळा मान उंच ताणून अंग बारीक करतो. गरुड घरट्यात अंग चपटं करून पसरतो, म्हणजे उबवतोय असं वाटतं, पण डोळे तुमच्यावर खिळलेले असतात. घुबड डोळे बारीक करून, कानाची पिसं उभारून खोडाला चिकटतं.

आणि पिल्लू. पालकाने इशारा दिला की टिटवीचं पिल्लू आहे तिथेच पोट टेकून दगडासारखं निपचित पडतं. हाताच्या अंतरावर गेलात तरी हलत नाही. अशा पिल्लाचे जवळून काढलेले फोटो 'काय छान पोझ दिली' म्हणून मिरवले जातात. ते पिल्लू घाबरून गारठलेलं असतं. तेवढा वेळ त्याला ना खाता येतं ना आईच्या पंखाखाली जाता येतं. पसरलेलं, मान जमिनीला टेकलेली, आसपास पालक नाही, असा फोटो जाणकाराने बघितला की तो कसा मिळाला हे सांगावं लागत नाही.

पाच मिनिटं पालक उडून गेला तर असं काय बिघडतं?

वेळ आणि हवामान यावर बरंच काही अवलंबून असतं. अंडी आणि लहान पिल्लं स्वतःच्या शरीराचं तापमान सांभाळू शकत नाहीत. भर उन्हात उघड्या जमिनीवरची अंडी थोड्याच वेळात धोक्याच्या पातळीपर्यंत तापतात. टिटवी अशा वेळी उबवत नसते, सावली धरत असते. पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. करकोचे चोचीतून पाणी आणून पिल्लांच्या अंगावर सोडतात, पंख पसरून त्यांच्यावर छत धरतात. आफ्रिकेतला बुटासारख्या चोचीचा शूबिलसुद्धा अंड्यांवर आणि पिल्लांवर असंच पाणी ओततो. दुपारी एकच्या उन्हात या पालकाला तुमच्यामुळे दूर थांबावं लागलं तर पाच मिनिटं लहान नाहीत. पावसात आणि थंडीतही हेच, फक्त उलट बाजूने.

शिवाय कावळे बघत असतात. माणूस गवतात शिरला आणि पक्षी उडाला, की तिथे काहीतरी आहे हे त्यांना बरोबर समजतं. तुम्ही तुडवलेली पायवाट नंतर मुंगसाच्या आणि कुत्र्याच्याही कामी येते.

बगळ्यांच्या वसाहतीत आत शिरून फोटो काढले तर?

शिरू नका. वसाहत म्हणजे एकाच झाडावर, एकाच बेटावर कधी कधी शेकडो घरटी. एक पक्षी दचकला की सगळे उडतात. अंडी उघडी पडतात, मोठी पिल्लं घरटं सोडून फांद्यांवर सैरावैरा चढतात आणि काही खाली पडतात. बगळ्याचं पिल्लू घाबरलं की पोटातलं सगळं ओकून टाकतं. ते अर्धवट पचलेले मासे त्याच्या आईबापाने केवढ्या खेपा करून आणलेले असतात, आणि तुमच्या एका फेरीत ते झाडाखाली पडतात.

बाहेरून मात्र वसाहत ही मेजवानी आहे. काठावर, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन बसा. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतात, त्यामुळे वारा तुमच्या पाठीमागून असला की ते समोरून, पंख पसरून, पाय पुढे काढून येताना मिळतात. काड्या घेऊन येणारे, एकमेकांच्या काड्या चोरणारे, घरट्यावर येताच मान वाकवून जोडीदाराला अभिवादन करणारे. चमच्याच्या पिल्लांची चोच अंड्यातून येते तेव्हा आखूड आणि मऊ असते, चमच्याचा आकार तिला हळूहळू येतो. रोहित पक्ष्याच्या पिल्लाची चोचही आधी सरळ आणि अंग राखाडी असतं. एकाच हंगामात ठरावीक अंतराने तीच वसाहत टिपली तर हे बदल मालिकेत फार छान दिसतात.

लपण कसं उभारायचं? एकदम घरट्यासमोर तंबू ठोकला तर चालतो का?

नाही. लपण, म्हणजे आत दडून फोटो काढायचा आडोसा, आधी लांब ठेवायचं आणि काही दिवसांत थोडं थोडं पुढे सरकवायचं. प्रत्येक वेळी पक्षी ठरलेल्या वेळात कामाला लागतोय की नाही हे दुरून बघायचं. लागला नाही तर लपण मागे. वाऱ्यावर फडफडणारं कापड घट्ट ओढून बांधा, कारण पक्ष्यांना तंबूच्या आकारापेक्षा ती हालचाल खुपते. लेन्सचं टोक बाहेर झुलताना दिसलं की तसंच होतं.

आत जाताना दोघांनी जावं आणि एकाने बाहेर पडून उघडपणे निघून जावं, ही जुनी युक्ती आहे आणि बऱ्याच पक्ष्यांवर ती चालते. लपणातून बाहेर पडतानाही तोच साथीदार येऊन घेऊन जाईल अशी व्यवस्था ठेवा. नाहीतर पक्ष्यासमोर रिकामं लपण अचानक माणूस ओकतं आणि पुढे त्याचा त्या लपणावर विश्वास राहत नाही.

चिखलाच्या आणि उथळ पाण्याच्या कडेला बहुतेक वेळा तंबूची गरजही पडत नाही. पक्षी यायच्या आधी जाऊन पोटावर पडा, अंगावर जाळी घ्या आणि हलू नका. पिल्लं चरत चरत स्वतःच जवळ येतात. तुम्ही सरकलात तर ती दूर जातात, त्यांनी सरकलेलं चालतं. भरती-ओहोटीचा किनारा असेल तर भरतीची वेळ आधी बघून ठेवा. पाणी चढलं की चरायची जागा आक्रसते आणि पक्षी किनाऱ्याकडे सरकतात.

गाडीतून?

अनेक पक्षी चालत्या माणसापेक्षा उभ्या गाडीला कमी बिचकतात. इंजिन बंद करा, खिडकीवर बीनबॅग ठेवा आणि दार उघडून खाली उतरू नका. उतरलात की भ्रम संपला.

कोणती लेन्स लागेल?

५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास पोचणारी. क्रॉप सेन्सरवर ४०० मिलिमीटरही पुरते. १.४ पटीचा कन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) उपयोगी आहे, पण दुपारच्या तापलेल्या हवेत तो लावून काही मिळत नाही. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

पालक आणि पिल्लू दोघंही एकाच फ्रेममध्ये असतात तेव्हा खरी अडचण फोकसच्या खोलीची असते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटर, एफ ६.३ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि पक्षी १० मीटरवर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १० सेंटिमीटरचा. २० मीटरवर तोच ४० सेंटिमीटरच्या आसपास होतो. म्हणजे लांब बसणं पक्ष्यासाठी चांगलं आहेच, शिवाय आई आणि पिल्लू दोघंही तीक्ष्ण यायला त्याचा फायदा होतो. छिद्र एफ ८ किंवा एफ ११ ला न्या, आणि दोघं तुमच्यापासून सारख्याच अंतरावर, आडवे आलेले असतील त्या क्षणाची वाट पाहा.

पक्ष्याचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस पिल्लावर बसतच नाही. काय करावं?

तो बहुधा मोठा आणि ठळक डोळा पकडतो, म्हणजे पालकाचा. पिल्लाच्या लवेत डोळा बुडालेला असतो, शिवाय गवताची पाती मध्ये येतात. फोकसचा चौकोन लहान करून पिल्लावर ठेवा आणि डोळा ओळखण्याची सोय एका वेगळ्या बटणावर द्या, म्हणजे हवी तेव्हा वापरता येईल. कोणावर फोकस ठेवायचा असा पेच पडला तर पिल्लावर ठेवा. किंचित मऊ झालेली आई आणि स्पष्ट पिल्लू हा फोटो बघवतो, उलटा सहसा बघवत नाही.

शटर स्पीड किती?

शेकाट्याचं पिल्लू दिसतं त्यापेक्षा फार चपळ असतं. पाय लांब, पावलं अनियमित, मध्येच गर्रकन वळतं. १/१६०० सेकंदाच्या खाली जाऊ नका. घास भरवताना चोचींची हालचाल झटक्याची असते, तिथे १/१००० लागतो. हवेतल्या शिकारी पक्ष्यासाठी १/२५०० किंवा जास्त. उबवत बसलेला किंवा पंखाखाली पिल्लं घेऊन थांबलेला पक्षी ट्रायपॉडवरून १/२५० लाही नीट येतो, आणि मग आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) खाली ठेवता येतो. आयएसओ वाढला म्हणून घाबरू नका. थोडा दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर जवळच्या पक्ष्यासाठी वरदान आहे. मात्र सेन्सर सावकाश वाचणाऱ्या कॅमेऱ्यांत वेगाने हलणारे पंख वाकडे येतात, म्हणून उडत्या पक्ष्यासाठी आपल्या कॅमेऱ्यावर आधी कावळ्या-कबुतरांवर तपासून घ्या.

पांढरा बगळा जळतो आणि काळसर गरुड काळाच येतो. एक्सपोजर कसं धरायचं?

मॅन्युअलवर या. उन्हातल्या बगळ्याच्या सगळ्यात पांढऱ्या पिसावर एक्सपोजर धरा, हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) उजवा काठ सांभाळा आणि तसंच ठेवा. मागे गडद पाणी आलं किंवा उजळ आभाळ आलं तरी पक्ष्यावरचा प्रकाश बदललेला नसतो. पिल्लाची राखाडी लव थोडी गडद आली तर रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये उचलता येते. जळालेलं पांढरं परत येत नाही.

आभाळावरच्या गरुडासाठी ऑटो मोडमध्ये असाल तर एक्सपोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). पंखांच्या खालच्या बाजूचं रेखाटन दिसायला हवं असेल तर जमीन उजळ असलेली वेळ निवडा. वाळू, पाणी, वाळलेलं गवत यांवरून परतलेला प्रकाश पंखांखाली पोचतो.

फोटो नीट फोकस होऊनही धूसर का येतात?

तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांब लेन्स ती थरथर मोठी करून दाखवते. चिखलाच्या सपाटीवर आणि नांगरलेल्या रानात हे सकाळी ऊन चढताच सुरू होतं. यावर कुठलीही महागडी लेन्स इलाज नाही. पहाट आणि पहिल्या उन्हाचे तास वापरा, ढगाळ दिवस वापरा. गाडीतून काढत असाल तर आतली आणि बाहेरची हवा सारखी होईपर्यंत काचा उघड्या ठेवा. दुपारी पक्ष्यांना विश्रांती हवी असते, तुम्हीही घ्या.

पाणपक्ष्यांच्या कुटुंबात कोणते क्षण शोधावेत?

माझ्या आवडीचा क्षण म्हणजे ऊब. वारा सुटला किंवा पाऊस लागला की शेकाट्या थांबतो, गुडघे मोडून जरा खाली होतो, पोटाची पिसं फुगवतो आणि हळू आवाजात बोलावतो. पिल्लं चारही दिशांनी धावत येतात आणि एकेक करून पोटाखाली शिरतात. आत जागेसाठी ढकलाढकली होते, पिसं हलतात, एखादं पिल्लू मागच्या बाजूने बाहेर येतं आणि पुन्हा घुसतं. शेवटी पक्षी एक आणि पाय भरपूर, असं चित्र उरतं. आफ्रिकन जकाना म्हणजे तिकडचा कमळपक्षी यापुढे जातो. त्याचा नर पिल्लांना पंखाखाली दाबून उचलून नेतो आणि पिल्लांची लांब बोटं तेवढी बाहेर लोंबताना दिसतात.

कमळपक्षी आणि पाणलाव्यात पिल्लांचं सगळं नरच करतो. पाणलाव्याची मादी नरापेक्षा जास्त रंगीत असते, त्यामुळे फोटोखाली 'आई आणि पिल्लं' लिहिण्याआधी नीट बघा. तो बहुधा बाप असतो.

कॅमेरा पिल्लाच्या डोळ्याच्या पातळीला आणा. उभ्याने काढलेल्या फोटोत पिल्लू चिखलात हरवतं. जमिनीला टेकून काढलं की मागचा चिखल विरघळतो आणि दोन इंचांचा जीव अख्खी फ्रेम भरतो.

आणि शिकारी पक्ष्यांच्या?

घास देण्याघेण्याचे. भोवत्यांच्या (हॅरियर नावाच्या शिकारी पक्ष्यांच्या) बहुतेक जातींत नर शिकार घेऊन येतो, मादी घरट्यावरून उठते, त्याच्या खाली येते आणि हवेतच उलटी होऊन, पंजे वर करून, त्याने सोडलेली शिकार झेलते. हे सगळं घरट्यापासून थोडं दूर, आभाळात होतं, त्यामुळे घरट्याजवळ न जाता मिळतं. बहिरी ससाण्याची नुकती उडू लागलेली पिल्लं पालकांचा ओरडत पाठलाग करतात आणि पालक हवेत भक्ष्य सोडून देतात. नेम चुकतो, पुन्हा झेप घेतात. त्यांचं शिक्षणच हे.

ऑस्प्रेचा नर मासा आणताना बरेचदा डोक्याकडचा भाग आधी स्वतः खातो आणि उरलेला मासा घरट्यावर देतो. मग मादी त्याचे बारीक तुकडे तोडून, मान तिरकी करून, पिल्लाच्या चोचीत अगदी हलक्या हाताने ठेवते. त्याच वाकड्या चोचीने मासा फाडलेला असतो. हा प्रसंग उंच खांबावरच्या घरट्यात खूप लांबून, समोरच्या टेकाडावरून टिपता येतो. शिकारी पक्ष्यांसाठी जागा निवडताना घरट्याच्या खाली किंवा वरच्या कड्यावर कधीच थांबू नका. दरीपलीकडची उतरण बघा. माथ्यावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभा असलेला माणूस त्यांना सगळ्यात जास्त खटकतो.

मोठं पिल्लू धाकट्याला मारतंय. हस्तक्षेप करावा का?

करू नये. शिकारी पक्षी आणि बगळे पहिलं अंडं घालताच उबवायला लागतात, त्यामुळे पिल्लं मागेपुढे जन्मतात आणि लहानमोठी असतात. अन्न कमी पडलं की धाकट्यावर गदा येते. आफ्रिकेतल्या व्हेरोच्या गरुडात दोन अंडी असतात आणि थोरलं पिल्लू धाकट्याला जवळजवळ नेहमीच मारतं, अन्न भरपूर असलं तरी. बघायला फार जड जातं. असे फोटो काढलेत तर ते दाखवताना काय घडतंय ते शांतपणे लिहा. पक्ष्याला क्रूर ठरवणारी वाक्यं नकोत.

शिकारी पक्षी माणसावर हल्ला करतात का?

करतात, आणि डोक्याकडेच येतात. पक्षी छायाचित्रणातलं मोठं नाव असलेल्या ब्रिटनच्या एरिक हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ साली असाच गेला. ते रात्री घरट्याजवळच्या आपल्या लपणाकडे परतत होते आणि अंधारात आवाज न करता आलेल्या टॉनी घुबडाने झडप घातली. पुढेही त्यांनी आयुष्यभर पक्ष्यांचेच फोटो काढले. झेप सुरू झाली असेल तर तुम्ही त्या पक्ष्याच्या हद्दीत फार आत आला आहात. डोळे झाका आणि निघा.

फ्लॅश, ड्रोन, आवाजाची रेकॉर्डिंग, आमिष?

पिल्लं असलेल्या पक्ष्यांजवळ चारही नको. रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून पालक प्रतिस्पर्धी शोधत फिरतो आणि पिल्लं उघडी पडतात. ड्रोन त्यांना आभाळातून येणारा शत्रूच वाटतो, गरुड त्याच्यावर तुटून पडतो आणि पात्यांनी जखमी होतो. आमिषाने माणसाला सरावलेलं पिल्लू पुढे चुकीच्या माणसाकडेही जातं.

समोरची फांदी आड येते. बाजूला केली तर?

ती फांदी पिल्लांची सावली आहे आणि घारीपासूनचा आडोसाही. तोडू नका, बांधूही नका. फांदीतून दिसणारं अर्धं घरटं हा चांगला फोटो होऊ शकतो.

कायदा काय म्हणतो?

देशागणिक वेगळा आहे, पण घरट्याला त्रास देणं हा अनेक ठिकाणी गुन्हा आहे. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना बाधा आणणं येतं. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने काही पक्ष्यांची वेगळी यादी केली आहे. बहिरी ससाणा, ऑस्प्रे, गव्हाणी घुबड, शेकाट्या हे त्यात आहेत. त्यांच्या घरट्याजवळ बाधा येईल असं छायाचित्रण करायचं तर आधी परवाना घ्यावा लागतो. अमेरिकेत गरुडांसाठी १९४० पासून स्वतंत्र कायदा आहे. जिथे जाल तिथल्या वनखात्याकडे आधी विचारा.

फोटो टाकताना जागा सांगावी का?

घरट्याची किंवा पिल्लांची जागा हंगाम संपेपर्यंत सांगू नका, दुर्मीळ पक्षी असेल तर नंतरही नको. फाइलमधली जीपीएस नोंद काढून टाका. मागे ओळखू येणारा मनोरा, पूल किंवा कडा असेल तर तोही पत्ताच असतो. तुम्ही एकटे नीट वागलात तरी तुमच्या फोटोमागून येणारे दहा जण तसे वागतीलच असं नाही, आणि दहाव्या माणसापर्यंत ते पालक थकलेले असतात. बऱ्याच छायाचित्र स्पर्धा घरट्यावरचे फोटो आता स्वीकारत नाहीत, नियम आधी वाचा. फोटोखाली तो लपणातून घेतला की गाडीतून, हेही लिहावं.

अशा फोटोंचा अभ्यासाला काही उपयोग होतो का?

होतो, आणि कधी कधी फार मोठा. बिटर्न हा लव्हाळ्यात दडून राहणारा बगळ्याच्या कुळातला पक्षी ब्रिटनमध्ये वीण करेनासा झाला होता. १९११ साली एमा टर्नर यांनी नॉरफोकच्या दलदलीत त्याच्या पिल्लाचा फोटो काढला आणि तो पुन्हा तिथे वीण करू लागल्याचा पहिला पुरावा मिळाला. आजही पिल्लांची संख्या, पालकांच्या पायातली कडी, चोचीतलं भक्ष्य कोणतं, या सगळ्या गोष्टी फोटोतून समजतात. तारीख जपून ठेवा आणि जागेची नेमकी नोंद फक्त अभ्यासकांना द्या.

पिल्लू जमिनीवर एकटं दिसलं तर काय करावं?

आधी लांब व्हा आणि दुर्बिणीतून बघत राहा. टिटवी-शेकाट्याचं पिल्लू जमिनीवरच असायचं, ते हरवलेलं नाही. तुम्ही हललात की पालक येतो. घुबडाची पिसं फुटलेली पिल्लंही उडता येण्याआधी घरट्याबाहेर पडतात आणि चोच व पंजांनी खोडावर पुन्हा चढू शकतात. पालक रात्री त्यांना शोधून भरवतात. रस्त्यावर असेल तर जवळच्या झुडपात किंवा खालच्या फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पालक टाकत नाहीत. रक्त दिसत असेल, पंख लोंबत असेल, किंवा लव विरळ असलेलं अगदी लहान पिल्लू उंच घरट्यातून पडलं असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. खाऊ-पाणी काही देऊ नका आणि लगेच वनखात्याला किंवा जवळच्या पक्षी उपचार केंद्राला कळवा. त्या वेळी कॅमेरा बॅगेतच राहू द्या.